कुणीतरी ‘नाही’ म्हणेल असं वाक्य

४ जुलै, शनिवार

वाक्य परत आलं. खाली लाल शाईत एकच शब्द — ‘मग?’

ते वाक्य इथे उतरवून ठेवते, निदान एका कागदावर तरी लाल शाईविना राहू दे. ‘विद्यार्थिनींच्या आरोग्याच्या दृष्टीने पिण्याच्या पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ किती घासूनपुसून लिहिलं होतं! शोधनिबंधाचं मुख्य विधान म्हणजे असं भारदस्तच असणार ना? सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, ‘‘ह्याला ‘नाही’ म्हणणारा एक तरी माणूस मला दाखवा.’’ वर्गभर नजर फिरवली. ‘‘नाही ना? मग बाई हे सांगतायत कोणाला?’’

हसले सगळे. सगळे म्हणजे माझ्यासारखेच — आठवडाभर शाळेत शिकवायचं आणि बढतीला पदवी लागते म्हणून शनिवारी दुपारी स्वतः बाकावर बसायचं. दुसऱ्याच्या फजितीला हसायला काय जातं!

घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, ‘‘छान आहे की. अगदी निबंधासारखं वाटतंय.’’

तेव्हा कळलं, खरंच वाईट आहे.

८ जुलै

नवं वाक्य. ‘प्रस्तुत शोधनिबंधात शालेय विद्यार्थिनींच्या पाणी पिण्याच्या सवयींच्या विविध पैलूंचा अभ्यास केला आहे.’

‘विविध पैलू’ लिहिताना स्वतःचीच शिसारी आली. तरी लिहिलं.

११ जुलै

‘मग?’

वर भाषण. ‘‘तुम्ही काय करणार ते सांगितलंत. काय म्हणणार ते कुठाय? स्वयंपाकघरात उभं राहून ‘आज मी स्वयंपाकाच्या विविध पैलूंचा अभ्यास करणार आहे’ असं सांगितलंत, तर घरच्यांची पोटं भरतील का?’’

आजपासून ह्यांचं नाव मगसर. साठीचा माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि बोलणं म्हणजे नुसता काथ्या! बाकीच्यांचे मार्गदर्शक काय गोड आहेत. ‘चालेल, चालेल’ म्हणतात आणि सही करतात. माझ्याच नशिबी हे.

आणि विषय मी घेतला तो का? सोपा वाटला म्हणून. गेल्या वर्षी प्रार्थनेच्या वेळी नववीतली एक मुलगी धाडकन पडली. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता पोटात. म्हटलं, चला, पाणी. चाळीसेक पानं सहज निघतील. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

१३ जुलै

आठवीच्या मुलींच्या तुकडीत सरळ विचारलं, ‘‘मुलींनो, शाळेत पाणी का पीत नाही?’’ एकमेकींकडे बघून खुसखुसल्या. शेवटी मागून एक म्हणाली, ‘‘बाई, प्यायलं की जावं लागतं.’’

‘‘मग जायचं!’’

‘‘तिथे कोण जाणार, बाई!’’

सगळा वर्ग हसला. माझी स्वतःची मुलगी ह्याच वर्गात, खिडकीशी बसते. ती मात्र हसली नाही. पुस्तकात बघत राहिली.

मी एवढी वर्षं ह्या शाळेत आहे. ‘तिथे’ एकदाही गेलेली नाही. आमचं वरच्या मजल्यावर आहे, मोठ्या बाईंच्या ऑफिसला लागून. शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला किल्ली असते. गरज लागली की किल्ली घ्यायची आणि जायचं. खाली काय आहे ह्याचा विचार करायची वेळच आली नाही.

१४ जुलै

गेले होते बघायला. शी! शी! शी!

आधी वास आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच तो समोर येऊन उभा राहतो. पदर नाकाला लावला. तीन दारं. पहिल्यात मोडकी बाकं आणि झाडू कोंबलेले. दुसऱ्याला कडी नाही — कडी होती तिथे भोक आहे, त्यात कोणीतरी कागदाचा बोळा घातलाय. मैत्रिणीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं, असा रिवाज आहे म्हणे. तिसऱ्यात दिवा नाही. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि ते बरंच आहे. कोपऱ्यात वापरलेल्या पॅडांचा ढीग, त्यावर माशा. मोरीत पिवळा थर इतका जुना, की तोच दगडाचा रंग वाटावा.

बादली आहे. मग नाही. सरांना सांगायला हवं — तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ‘मग’ नाही!

विनोद सुचला खरा, पण त्याच क्षणी तिथेच ओकले. वर येऊन तोंड धुतलं. वरच्या भिंती पांढऱ्याशुभ्र, आरसा लख्ख, साबण वासाचा. त्या साबणाची जास्तच किळस आली. का, ते सांगता येत नाही.

१८ जुलै

आज छाती काढून वाक्य नेलं. ‘स्वच्छतागृहे अस्वच्छ असल्यामुळे मुली शाळेत पाणी पिणे टाळतात.’

मगसरांनी चष्मा काढला. ‘‘खरं आहे. पण नुसतं खरं असून भागत नाही, बाई. हे तुमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलीला पाचवीपासून माहीत आहे. तिला माहीत नाही ते सांगा. घाण का आहे?’’

‘‘कोणी साफ करत नाही म्हणून.’’

‘‘मग?’’

हातातली वही त्यांच्या टकलावर आपटावीशी वाटली.

२० जुलै

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत विषय काढला. चित्रकलेच्या बाईंनी डब्यातून मान वर न करता निकाल दिला, ‘‘मुलींनाच वळण नाही. घरी आया काय शिकवतात कोण जाणे. कितीही साफ करा, दुसऱ्या दिवशी तेच.’’ खेळाचे सर म्हणाले, ‘‘सफाईला एकटी मावशी. ती तरी काय काय करणार!’’

हे बरं सापडलं. ‘अपुऱ्या सफाई कर्मचाऱ्यांमुळे शालेय स्वच्छतागृहे अस्वच्छ राहतात.’ कारण आहे, परिणाम आहे, कोणाला लागायचंही कारण नाही. आता म्हणा ‘मग?’

२२ जुलै

मुलीला ताप. ओटीपोट धरून रडत होती. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लघवीत जंतू झालेत, आणि बऱ्याच दिवसांपासूनचं आहे.

‘‘पाणी पितेस का?’’ — ‘‘घरी पिते.’’

‘‘शाळेत बाथरूमला जातेस?’’ — ‘‘नाही.’’

‘‘कधीच नाही?’’ — मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘पाचवीपासून नाही.’’

पाचवीपासून! सकाळी सातला घरून निघते ती दोनला परत येते. येते आणि दप्तर टाकून आधी आत पळते. मी रोज ओरडते — ‘बूट काढ आधी!’

डॉक्टरीणबाई औषधं लिहिता लिहिता म्हणाल्या, ‘‘आई काय करतात?’’

‘‘शिक्षिका आहे.’’

‘‘कुठल्या शाळेत?’’

‘‘हिच्याच.’’

‘‘विषय?’’

मूत्रपिंडाचा धडा मीच शिकवते. आकृती फळ्यावर इतकी सुरेख काढते की मुली पुसू देत नाहीत.

२३ जुलै

तिला विचारलं, ‘‘अगं, माझ्याकडे वरची किल्ली असते, मला का नाही मागितलीस?’’

‘‘आणि मैत्रिणींनी खाली दार धरून उभं राहायचं? मी तुझी किल्ली घेऊन वर जायचं?’’

मी म्हटलं, ‘‘त्यात काय झालं?’’

तिनं कूस बदलली. आपल्या पोटच्या पोरीनं आपल्याकडे पाठ करावी — बस, आज एवढंच.

२५ जुलै

‘अपुरे कर्मचारी’वालं वाक्य नेलं. मन नव्हतं, पण नेलं. मगसरांनी लाल पेन उचललंच नाही. विचारलं, ‘‘तुमचं शिक्षकांचं कोण धुतं?’’

‘‘तीच मावशी.’’

‘‘पाणी?’’

‘‘त्याच टाकीचं.’’

‘‘फिनेल?’’

‘‘तेच.’’

‘‘ते घाण आहे?’’

‘‘नाही. लख्ख आहे.’’

‘‘मग?’’

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मीही रागावले नाही. वहीत लिहिलं — ‘मावशीला विचारणे.’

२७ जुलै

मावशीला गाठलं. ‘‘वरचं दोनदा धुते बाई. सकाळी नि मधल्या सुट्टीनंतर. खालचं वेळ उरला तर.’’

‘‘असं कोणी सांगितलं?’’

‘‘कोणी म्हणजे? पहिल्यापासून तसंच आहे. वर जरा ओलं राहिलं तरी लगेच बोलावणं येतं. खालून कोण येणार बोलवायला?’’

२८ जुलै

लिहिलं.

‘शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह अस्वच्छ राहते ते माणसे किंवा पाणी कमी पडते म्हणून नव्हे, तर ते स्वच्छ करून घेण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांना ते वापरावे लागत नाही म्हणून.’

पुन्हा वाचलं. ‘ज्यांच्या हाती’ म्हणजे कोण? चित्रकलेच्या बाई, खेळाचे सर, मोठ्या बाई. आणि मी. हे वाक्य लिहिणारी बाई त्याच वाक्यात बसलेली आहे, वासाच्या साबणानं हात धूत.

१ ऑगस्ट

मगसरांनी दोनदा वाचलं. पेन खिशाला लावलं. ‘‘हं. आता ह्याच्याशी भांडता येईल.’’

म्हणजे काय, विचारलं. म्हणाले, ‘‘विधान म्हणजे पैज असते, बाई. हरायची सोय असली पाहिजे. आत्तापर्यंत तुम्ही हरूच शकत नव्हतात, म्हणून जिंकायचाही प्रश्न नव्हता. आता तुमच्या मुख्याध्यापिका म्हणतील — साफ खोटं आहे. म्हणू दे. त्यांना उत्तर देता येईल इतका पुरावा आणा.’’

बाहेर पडले ती छत्री वर्गातच विसरून. एका वाक्यानं? हो, एका वाक्यानं.

३ ऑगस्ट

शाळेत अभ्यास करायचा तर मोठ्या बाईंची सही हवी. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, टेबलावर पालथा ठेवला.

‘‘तुम्ही माझ्या शाळेचं नाक कापायला निघाला आहात का?’’

‘‘नाही बाई, शाळेचं नाव कुठेच येणार नाही.’’

‘‘तुमचं येईल ना? मग शाळा कोणती ते काय लोकांना समजत नाही?’’ मग जरा मऊ आवाजात, ‘‘अहो, दोन शब्द घाला. ‘काही अंशी’ म्हणा. ‘बहुधा’ म्हणा. तुमचंही काम होईल, माझीही अडचण होणार नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझं.’’

हा तो मऊ आवाज! ह्या आवाजात त्या पालकांना गुंडाळतात, तपासणीला आलेल्या साहेबांना गुंडाळतात. आज माझी पाळी.

५ ऑगस्ट

घातले शब्द. ‘…अस्वच्छ राहण्यामागे, काही अंशी, संबंधितांच्या प्रत्यक्ष वापराचा अभाव हेही बहुधा एक कारण असू शकते, असे वाटते.’

उष्टं पाणी चूळ भरून परत पेल्यात टाकावं तसं झालंय.

८ ऑगस्ट

मगसर म्हणाले, ‘‘वाक्यात पाणी घातलंत. कोणी सांगितलं?’’ मी सांगितलं. ते चिडतील वाटलं होतं. पण म्हणाले, ‘‘त्यांचं चुकलं नाही. वाक्य टोचलं म्हणूनच त्यांनी पाणी मागितलं. तुम्ही का दिलंत?’’

नोकरी, बढती, घराजवळची शाळा — हे काय उत्तर आहे?

१२ ऑगस्ट

मूळ वाक्य पुन्हा मोठ्या बाईंपुढे ठेवलं. ‘काही अंशी’ नाही, ‘बहुधा’ नाही.

त्यांनी कागद बाजूला सारला. ‘‘तुमची मुलगी बरी आहे का आता?’’ त्यांना कोणी सांगितलं? म्हटलं, बरी आहे.

‘‘ह्याला पुरावा काय?’’

‘‘गोळा करायचाय.’’

‘‘नुसत्या आरोपाला मी आरोपच म्हणते. सही करते. पण पुरावा मिळाला नाही तर हा कागद परत आणायचा आणि इथे माझ्यासमोर फाडायचा. कबूल?’’

कबूल म्हटलं. सही केली. झोकदार, टेबलभर पसरलेली सही. बाहेर येऊन वाटलं, बाई हुशार आहे — पुरावा मिळणारच नाही हे तिला माहीत आहे. असल्या गोष्टीचा पुरावा आणायचा तर शिक्षकांना खाली पाठवायला हवं. कोण पाठवणार? आणि कोण जाणार!

१९ ऑगस्ट

देव असो नसो, गटार आहे.

पहिल्या तासालाच वर बोंब. शिक्षकांच्या संडासातून उलटं पाणी — पाणी कसलं! — ऑफिसच्या दारापर्यंत. चित्रकलेच्या बाईंच्या नव्या चपला त्यात. मोठ्या बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या, शिपाई पोती टाकतोय. प्लंबर आला, बघून गेला. आतली नळी फुटलीय, फरशी उखडावी लागेल. तोवर वरचं बंद.

तोवर म्हणजे… खाली!

२० ऑगस्ट

आजच्यासारखा दिवस पुन्हा येणार नाही. चित्रकलेच्या बाई दुपारपर्यंत तग धरून होत्या. मग गेल्या. लगेच परत आल्या त्या थेट ऑफिसात, तोंड पांढरं. मी सह्या घ्यायला तिथेच उभी.

‘‘बाई, काय ती घाण! माणसं जातात का तिथे?’’

मोठ्या बाई म्हणाल्या, ‘‘मुली जातात.’’

एवढंच म्हणाल्या. आवाज मऊ नव्हता. चित्रकलेच्या बाई आल्या तशा परत गेल्या.

२१ ऑगस्ट

खेळाच्या सरांनी मुलांच्या संडासातून येऊन तसाच शिमगा केला. दुपारी शिपाई मुलींकडल्या पहिल्या दारातली मोडकी बाकं काढताना दिसला.

२६ ऑगस्ट

नोंद ठेवते आहे. सोमवारी दिवा लागला. मंगळवारी कड्या — तिन्ही दारांना. आज झाकणाची टोपली आली आणि तीन नवे मग. मावशी खालचं दोनदा धुते. पिवळा थर ॲसिडनं गेला. खालचा दगड चक्क करडा निघाला! हे सगळं करायला आठवडा लागला. पैसे? शाळेच्या किरकोळीतून. म्हणजे पैसेही होते, माणूसही होता, पाणीही होतं. इतकी वर्षं.

खूश व्हायला हवं. कशी होऊ? मुली सांगत होत्या, पडत होत्या, तापानं फणफणत होत्या — हललं काही? चार शिक्षकांची गैरसोय झाली आणि गड्यासारखी सगळी शाळा कामाला लागली! थू!

३१ ऑगस्ट

मोठ्या बाई जिना उतरत होत्या, कठडा धरून, एकेक पायरी, दुसरा हात गुडघ्यावर टेकत. वरचं बंद म्हणून त्यांनाही उतरावं लागतं. मी खाली उभी होते. मनात म्हटलं, घ्या! आता कळू दे. वाट दिली, पण हात दिला नाही.

११ सप्टेंबर

पाण्याच्या नळावर रांग! मधल्या सुट्टीत मुली बाटल्या भरतायत, एकमेकींवर उडवतायत. आठवीच्या वर्गात रिकाम्या बाटल्या मोजल्या, गेल्या महिन्यात मोजून ठेवलेल्यांशी ताडून बघितल्या. घरी आल्यावर आपल्या मुलीची बाटली दप्तरातून काढली — रिकामी. कितीतरी वेळ हातात धरून बसले. नवरा म्हणाला, ‘‘बाटलीत काय बघतेस?’’

१२ सप्टेंबर

मगसरांना सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. दात पुढे आहेत हे आज कळलं.

‘‘नशीबवान आहात. पण हा अर्धा पुरावा झाला. शिक्षक खाली आले, खालचं साफ झालं. आता ते परत वर गेल्यावर काय होतं ते बघा. पुन्हा घाण झालं, तर तुमचं वाक्य कोणाच्या बापाला हलवता येणार नाही.’’

‘‘आणि नाही झालं तर?’’

‘‘तर पैज हरलात. तेही लिहायचं.’’

२१ सप्टेंबर

अजून दुरुस्ती नाही! वरच्या दाराला मोठ्या बाईंचं कुलूप, आत म्हणे फरशी उखडलेली. शिक्षकांची कुरकुर रोजची. मोठ्या बाईंचं उत्तर ठरलेलं — ‘‘तसली नळी मिळत नाहीये, प्लंबर फिरतोय.’’ हा प्लंबर म्हणजे महाआळशी. निबंधाची मुदत तोंडाशी आली.

शेवटी मीच गेले. ‘‘बाई, वरचं जरा लवकर करून घ्या ना.’’

त्यांनी फाइलवरून डोळे वर केले. ‘‘घाई कोणाला, तुम्हाला?’’

‘‘हो. म्हणजे निबंधासाठी… वरचं सुरू झाल्यावर खालचं कसं राहतं ते बघायचंय.’’

‘‘कसं राहील असं वाटतं तुम्हाला?’’

‘‘घाण होईल, बाई.’’

‘‘आणि तसं झालं तर तुमचं वाक्य खरं.’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ म्हणाल्या, आणि पुन्हा फाइलीत डोकं.

जिना उतरता उतरता उमगलं. मी काय मागून आले? मुलींचं दार पुन्हा घाण व्हावं, लवकर व्हावं, मुदतीच्या आत व्हावं! पोरगी आत्ता कुठे पाणी प्यायला लागलीय, आणि आई माशांची वाट बघतेय. एवढी किळस त्या दिवशी खालीसुद्धा आली नव्हती.

३० सप्टेंबर

तरीही राग जात नाही. मला आता कळतंय — बाई मुद्दाम लांबवतायत. पुरावा पूर्ण होऊच द्यायचा नाही! कागद फाडून घ्यायचाय माझ्याकडून. सबंध शाळेला गैरसोयीत ठेवतील, स्वतः गुडघे घासत उतरतील, पण माझं वाक्य सिद्ध होऊ देणार नाहीत. पोटात किती विष असावं माणसाच्या!

३ ऑक्टोबर

मगसर म्हणाले, ‘‘थांबू नका. मिळालं तेवढं लिहा, मिळालं नाही तेही लिहा. शेवटी ‘मर्यादा’ असा भाग असतो, त्यात स्पष्ट सांगा की अर्धीच बाजू बघता आली.’’

‘‘का बघता आली नाही तेही लिहू?’’

‘‘माहीत असेल तर लिहा. अंदाज असेल तर नको.’’

माहीत आहे मला.

९ ऑक्टोबर

दिला निबंध. मुख्य विधान पहिल्या पानावर, जसंच्या तसं. आणि शेवटच्या पानावर, ‘मर्यादा’खाली: ‘मुख्याध्यापिकांच्या अनास्थेमुळे शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती रखडली व त्यामुळे दुसऱ्या टप्प्याचे निरीक्षण होऊ शकले नाही.’ काही अंशी नाही, बहुधा नाही. लिहिताना काय गार वाटलं! मगसरांनी त्या ओळीपाशी पेन जरा थांबवलं. मी म्हटलं, ‘‘खात्री आहे.’’ त्यांनी पान उलटलं.

२० नोव्हेंबर

निबंध कोर्सच्या वार्षिक अंकात छापून आला. पहिला क्रमांक! मुलीनं वर्गात पळवून नेला. एक प्रत मी स्वतः मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली — फाडायला नाही, वाचायला. समोर उभी राहिले. त्यांनी पहिलं पान वाचलं. मग नेमकं शेवटचं. चष्मा नाकावरून खाली घेतला.

‘‘शुद्धलेखन चांगलं आहे,’’ म्हणाल्या.

बस! ना हूं ना चूं. नववीतल्या पोरीच्या वहीवर देतात तसला शेरा. संताप, संताप झाला नुसता.

खालचं अजून लख्ख आहे. वरचं अजून बंद.

२९ नोव्हेंबर, रविवार

नळाचा वॉशर आणायला गेले तर दुकानात तोच प्लंबर! तोंडसुखच घेतलं — ‘‘काय हो, तीन महिने झाले, एक नळी मिळेना तुम्हाला?’’ तो गोंधळला. ‘‘कसली नळी, बाई? तुमचं काम तर ऑगस्टातच झालं. रविवारी येऊन करून गेलो, किल्ली मोठ्या बाईंच्या हातात दिली.’’ मग इकडेतिकडे बघून हळूच, ‘‘त्याच म्हणाल्या, कोणी विचारलं तर नळी मिळत नाही म्हणायचं. का, ते नाही सांगितलं. तुम्ही बोलू नका हं कोणाला.’’

ऑगस्टात! दुसऱ्या टप्प्याचं तेव्हा मलाही माहीत नव्हतं, आणि मी छापलंय ‘अनास्था’. मी कोणाला बोलणार!